ज्याची त्याची लहर

पेणला माझ्या भाच्याचा गणपतीचा कारखाना आहे आणि त्या कारखान्यात एक लॅपटॉप आहे. गेल्या मे महिन्यात हा लॅपटॉप फक्त देवघरापुढे चालत होता. पडवीत नेला, कारखान्यात नेला, माडीवर नेला, की वायफाय गेलंच.

देवघरच का, तर राउटर देवघराच्या वरच्या फळीवर होता. तो बसवायला आलेल्या पोराने "कुठे लावू?" विचारलं तेव्हा ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "रात्रंदिवस दिवे लागलेले राहणार ना त्याचे? मग देवाशेजारीच बरा." तेव्हापासून राउटरलाही रोज जास्वंदीचं फूल पडतं आणि महिन्यातून एकदा चिंचेने घासून घ्यायचा तिचा विचार भाचा कसाबसा हाणून पाडतो. लॅपटॉपची तऱ्हा अशी की राउटरपासून हातभर अंतरावर तो शहाण्यासारखा चालायचा आणि दोन पावलं मागे सरलात की वायफायचं नाव टाकायचा. त्यामुळे मॉरिशसच्या गिऱ्हाइकाला उत्तर पाठवायचं म्हणजे भाच्याने चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, लॅपटॉप डाव्या हातावर आडवा तोलायचा आणि देवापुढे उभं राहून उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचं. 'डियर सर' लिहिताना मान आपोआप लवायची. शेजारच्या काकू खिडकीतून हे बघून ताईला म्हणाल्या, "पोरगा भलताच देवभोळा झालाय हो. दिवसातून सहा-सात वेळा उभा असतो." ताईने खुलासा केला नाही. स्थळं बघणं चालू होतं.

या कारखान्यात माझं काम इंग्रजी पत्रव्यवहाराचं. सरकारी कचेरीत उभी हयात 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिण्यात गेली, तेच आता इंग्रजीतून लिहितो. पेणचे गणपती समुद्रापार जायला लागून फार वर्षं झाली. आपल्याकडची चतुर्थी भाद्रपदात असली तरी बोटीने जाणाऱ्या बाप्पांना पावसाच्या आधीच न्हावाशेवाहून निघावं लागतं, कारण बोटीला भाद्रपद कळत नाही. म्हणून मे महिन्यात पेण, हमरापूर, जोहे या सगळ्या पट्ट्यात कोणाला भेटायला गेलात तर माणूस तुमच्याकडे बघत नाही, खोक्यात किती पेंढा भरला ते बघतो. त्यात आमच्याकडे कागदोपत्री काम सगळं लॅपटॉपात. त्या लॅपटॉपवर बारा महिने प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली. तो उघडताना थोडा धूर निघतो, तेव्हा नवीन माणूस दचकतो.

आता घरात माणूस आजारी पडला तर लोक निदान फळं घेऊन येतात आणि दहा मिनिटांत उठतात. लॅपटॉप आजारी आहे म्हटल्यावर आले ते रिकाम्या हाताने, आणि चहा होईपर्यंत हलले नाहीत.

पहिला आला वायरमन. त्याने लॅपटॉपला हात न लावता विचारलं, "झटका मारतो का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग अर्थिंगच," असं म्हणून त्याने बशीत चहा ओतला. झटका मारला असता तर काय निघालं असतं, असं भाच्याने विचारलं. "तेव्हाही अर्थिंगच," तो म्हणाला.

मग आमचे डॉक्टर आले. आले होते स्वतःच्या गणपतीची ऑर्डर द्यायला, पण दुखणेकरी समोर दिसल्यावर त्यांच्याने राहवेना. "सकाळी बरा असतो की रात्री? अंग गरम लागतं? आधी असं कधी झालं होतं? घरात आणखी कोणाला आहे?" ही शेवटची चौकशी ऐकून ताईने घाईघाईने आपला मोबाईल पदराआड घेतला. डॉक्टरांनी झाकणावर दोन बोटांनी टकटक केली, कान दिला आणि म्हणाले, "वय झालंय. आता बरं व्हायच्या गोष्टी नकोत, आहे ते जपा. दोन दिवस उघडू नका."

रंगकाम करणाऱ्या पोरांचं मत पडलं की ही सगळी ओल. दमट हवेत रंग सुकत नाही, तर वायफाय कसं सुकणार? या युक्तिवादाला कोणालाच उत्तर सुचलं नाही म्हणून लॅपटॉप तांदळाच्या कणगीत पुरला. दुसऱ्या दिवशी तो काढला तेव्हा वायफाय होतं तिथेच होतं, पण खालचा एक स्क्रू कमी होता. तो रविवारी भातात लागला. ताईची नणंद म्हणाली, तांदूळ काय करणार, ऊन दाखवा. गच्चीवर पोह्याचे पापड वाळत होतेच. त्यांच्या रांगेत एका कोपऱ्यात लॅपटॉपही पसरला. मेच्या उन्हात त्याने जो चटका धरला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. पापडांची राखण करणाऱ्या पोरीने मात्र कावळ्यांना हाकलताना दुजाभाव केला नाही, एवढं सांगायला हवं.

सहा आसनी रिक्षावाला खोकी न्यायला आला होता. त्याने दारातूनच विचारलं, "मागं स्क्रीन फुटली तेव्हा पनवेलला नेला होतात ना हा? हायवेने?"

"हो."

"मग आत काहीतरी हललंय."

सगळे हसले. हायवेने जाऊन रिक्षावाल्याच्या पाठीचं काय व्हायचं ते झालं असेल, पण प्रत्येक दुखण्याचं खापर त्या रस्त्यावर किती फोडायचं? पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा चौपदरी करायला घेतला २०११ साली. त्या साली पहिलीत गेलेली पोरं कॉलेजात गेली, रस्ता अजून पुढच्या वर्गात गेलेला नाही, हे खरं. पण म्हणून वायफाय? भाच्याने त्याला चहाचंही विचारलं नाही.

भाच्याचा स्वतःचा सिद्धांत वेगळा होता. त्याच्या मते दोष सोनेरी रंगाचा. सोनेरी रंगात धातूची पूड असते, धातू लहर अडवतो, आणि राउटर व लॅपटॉप यांच्या मधल्या खोलीत मुकुटांना सोनेरी मारलेल्या मूर्तींच्या रांगा. झालं, रात्री कारखान्यातली सगळी माणसं कामाला लावून त्या खोलीतले गणपती ओसरीत, ओसरीतले पडवीत आणि पडवीतले परत त्या खोलीत असे फिरवले. पहाटे मोजदाद केली तेव्हा एक उंदीर जास्त भरला. वायफाय जैसे थे.

मीही मागे राहिलो असं नाही. मी सुचवलं की कंपनीला सविस्तर अर्ज करू, पंधरा दिवस वाट बघू आणि मग स्मरणपत्र क्रमांक १ पाठवू. भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मसुदा खिशात घातला. अजून आहे तो.

मग आला समोरच्या बिल्डिंगमधला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. हा खरा माहितगार, कारण याने हात लावण्याआधी बोटं मोडली. "ड्रायव्हर करप्ट आहे, काका." ड्रायव्हर करप्ट असणं ही आमच्या कचेरीतही नवीन गोष्ट नव्हती, त्यामुळे मी समजून मान हलवली. त्याने पडद्यावर कुठली कुठली कवाडं उघडली, एका पिवळ्या त्रिकोणाकडे बोट दाखवून "दिसलं?" म्हणाला आणि जुना ड्रायव्हर मुळासकट उपटून टाकला. आता देवघरापुढेही काही दिसेना.

"छान," तो म्हणाला. "आता नेटवरून नवीन टाकून घ्या."

"नेट नाही म्हणून तर तुला बोलावलं."

तो जरा थांबला. "नेट असतं तर पाच मिनिटांचं काम होतं," असं म्हणून त्याने चपला घातल्या. ड्रायव्हर शेवटी मोबाईल वायरने जोडून त्याच्या नेटवरून परत घातला, तोही त्यानेच, रात्री, बिल्डिंगमधल्या तीन मित्रांना फोन लावून. लॅपटॉप पुन्हा देवापुढे चालू लागला. त्या वेळी आम्हाला तेवढंही भरून पावल्यासारखं झालं.

या सगळ्या काळात माझं वाचन वाढलं. दुखणं घरात असलं की माणूस त्या दुखण्यावरची पुस्तकं वाचतो, तसं मी बिनतारी लहरींबद्दल मिळेल ते वाचलं. जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलात १८९५ च्या सुमारास बिनतारी लहर सोडून लांबवरची घंटा वाजवून दाखवली. मध्ये भिंती होत्या आणि प्रत्यक्ष लेफ्टनंट गव्हर्नर होते. लहर त्यांच्या लठ्ठ देहातूनही आरपार गेली म्हणतात. आमची लहर ताईच्या फ्रिजपर्यंतही पोचत नव्हती, आणि फ्रिज गव्हर्नरपेक्षा लहान असावा. पण माझं मन बसलं ते दुसऱ्या गोष्टीवर. हेडी लामार नावाची हॉलिवूडची नटी होती, नटी म्हणजे चांगली नावाजलेली. तिने आणि जॉर्ज अँथाइल नावाच्या संगीतकाराने १९४२ साली एक पेटंट मिळवलं. पाणबुडीच्या युद्धात पाण्याखालून सोडायच्या पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, बिनतारी हुकूम द्यायचे तर शत्रू ती लहर हेरून बिघडवू शकतो. म्हणून हुकूम एकाच लहरीवर न देता सारखा या लहरीवरून त्या लहरीवर उड्या मारत द्यायचा, अशी युक्ती. पुढे १९९७ साली वायफायचं पहिलंवहिलं मानक ठरलं त्यातही अशा उड्या मारण्याची एक पद्धत होती. आता गंमत पुढेच आहे. उड्या मारायला लहरी किती घ्यायच्या? त्यांनी घेतल्या ८८. का? पियानोला ८८ पट्ट्या असतात म्हणून! अँथाइल पियानोवाला होता. म्हणजे अमेरिकेच्या आरमाराचं काम असो की पेणच्या पडवीतलं, ज्याचा जो धंदा तेच त्याच्या डोक्यात. मी हे सगळं वायरमनला सांगितलं. तो म्हणाला, "पियानोला अर्थिंग लागत नाही."

असं सगळं चाललेलं असताना मला एकदम आठवलं की मॉरिशसच्या पार्टीला मालाची यादी पाठवायची शेवटची तारीख उलटली. माझ्या पोटात गोळा आला. भाचा तर खांबाला टेकून खालीच बसला. ताई पीठ मळत होती.

"ती यादी? ती मी गेल्या सोमवारीच पाठवली की," ती म्हणाली.

"कशावरून?"

"मोबाईलवरून. कागदाचा फोटो काढला नि धाडला. त्यांचं उत्तरही आलं. थँक्यू म्हणाले."

कोणी काही बोलेना. तिथे वायरमन होता, विद्यार्थी होता, दोन रंगारी होते, मी होतो. एवढ्या सगळ्यांची बुद्धी पणाला लागलेली असताना काम परस्पर होऊन जावं हे कोणालाच आवडलं नव्हतं.

"मग आता लॅपटॉप कशाला हवाय?" ताईने विचारलं.

"असं कसं?" भाचा म्हणाला. "प्रश्न आता मेलचा राहिलेला नाही."

ते खरंच होतं. आता प्रश्न घराण्याच्या इभ्रतीचा होता. म्हणून लॅपटॉप रोह्याला न्यायचं ठरलं. रोह्याला का, तर रोहा माझी सासुरवाडी आणि धाटावच्या एमआयडीसीत असलेल्या माझ्या मेहुण्याचा एक ओळखीचा पोरगा 'वायफायमध्ये एकदम तरबेज' होता. नेणार कोण, तर ज्याला काही काम नाही तो. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

मी रोह्याला जातोय म्हटल्यावर आमच्या सौ.चा उत्साह वाढला. "चाललाच आहात तर" हे शब्द मी लग्नानंतर फार वेळा ऐकले आहेत आणि त्यांच्यापुढे वजनाची मर्यादा कधी ऐकलेली नाही. लोणच्याची बरणी, पापडांचे डबे, आंब्यांची पेटी, वहिनीच्या ब्लाउजची कापडं, आणि सगळ्यात तळाशी, कोणाला धक्का लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. हायवे नको म्हणून रेल्वेने गेलो. दिवा–रोहा गाडी पेण सोडलं की कासू, नागोठणे, निडी करत आरामात जाते. डब्यात समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी बरणी कसली, पेटी कसली विचारत विचारत शेवटी टॉवेलात काय आहे तेही काढून घेतलं. निडी येईपर्यंत अख्ख्या डब्याचं एकमत झालं होतं की बॅटरी गेलीय. वायफायचा आणि बॅटरीचा संबंध काय, हे मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "बॅटरी गेली की सगळंच जातं." खोडून काढायला जागा नव्हती.

सासुरवाडीत दुपारपर्यंत लॅपटॉपचं नाव काढता आलं नाही. जावई अवचित दारात उभा राहिला की आधी पाणी, मग चहा, मग कांदेपोहे, मग "इतक्यात कुठे, जेवूनच". मी हळूच विषय काढला तर सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने भिंतीला म्हणाल्या, "काम होतं म्हणून आलेत. नाहीतर कसले येतायत." मेहुणा संध्याकाळी ड्यूटीवरून आला. कारखान्यात पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. त्याने लॅपटॉप दोन्ही हातांत घेऊन हलवून बघितला आणि म्हणाला, "भाऊजी, लाइनमध्ये कुठेतरी चोकअप आहे. तो फ्लश मारेल, चिंता नको."

दुकान बाजारपेठेत. तिथे धावीर महाराजांचा फोटो, त्यावर ताजा हार. रोह्याच्या या ग्रामदैवताची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात, त्यामुळे त्यांच्या फोटोखाली बसलेला माणूस काहीही बोलला तरी सरकारी वाटतं. तरबेज पोरगा विशीतला होता.

"काय होतंय?"

"वायफाय लागत नाही."

"बंद करून चालू केलं?"

"केलं. पुष्कळदा केलं."

"मी करतो," तो म्हणाला आणि त्याने बंद करून चालू केलं. आमच्या आणि त्याच्या बंद-चालूमध्ये फरक एवढाच की त्याने मध्ये घड्याळ बघितलं. मग पालथा घालून मागचं झाकण उघडलं. आतून भसकन पांढरा लोट उठला.

"हे काय? पिठाच्या गिरणीत ठेवता का?"

"गणपतीच्या कारखान्यात."

त्याने शिंक आवरली आणि त्या धुळीला चक्क नमस्कार केला. मग फुंकर मारली. "कार्ड गेलंय," तो म्हणाला. ते कार्ड मी पहिल्यांदाच बघितलं: २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, म्हणजे पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं. एवढ्याशा गोष्टीपायी आम्ही भर मेमध्ये अख्खा कारखाना हलवला होता! पोराने ते काढून दुसरं घातलं, मागचं झाकण लावलं, लॅपटॉप उघडला आणि वायफाय धाडकन लागलं. नुसतं लागलं नाही, सगळ्या काड्या भरल्या. मेहुण्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही ते हे, की त्या पोराचा राउटर त्याच टेबलावर, खिळ्याला, हातभर अंतरावर लटकत होता.

बाराशे रुपये झाले. बंद-चालूचे दोनशे वेगळे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झालेले चिंतामणराव देशमुख, यांना आपला म्हणणारा हा गाव. तिथे हिशेबात घासाघीस करायला माझी जीभ रेटेना.

पेणला परत आलो. सगळे दारातच उभे. भाच्याने लॅपटॉप घेतला, कारखान्यात नेला. वायफाय नाही. ओसरीत, नाही. पडवीत, नाही. मग कोणी न सांगता त्याने चपला काढल्या.

फोनाफोनी सुरू झाली. रोह्याचा पोरगा म्हणाला, "माझ्याकडे चालत होतं ना? तुम्हीच बघितलंत. तुमचा राउटर बघा." राउटरवाल्यांकडे फोन केला तर तिथली बाई फार गोड बोलली. "सर, आमच्या बाजूने सिग्नल ओके आहे. लॅपटॉप चेक करा." लॅपटॉपच्या कंपनीला फोन केला तर त्यांनी सुरुवात केली, "बंद करून चालू केलंय का?" रोहा स्टेशनावर मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, गाडी तीच, रूळ तोच, पण गाडी उशिरा का हे विचारलं की प्रत्येक जण बोट त्या स्टेशनच्या पलीकडे दाखवतो. आमचा लॅपटॉप तसा कायमचा रोहा स्टेशनावर उभा होता. भाच्याने सरळ जाहीर केलं, आता राउटर तरी देवघरातून काढा नाहीतर माझं टेबल देवघरात लावा. ताई म्हणाली, देवघरात चहा चालणार नाही.

आखणी करणारे काका या सगळ्यात कुठेच नव्हते. पेणमध्ये मूर्ती कोणीही घडवेल, रंगवेल, पण डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो. मूर्ती त्या बोटांखालून गेल्याशिवाय बघायला लागत नाही. काका कोपऱ्यात पाट टाकून बसतात, चष्म्याला मागून दोरी, हातात शून्य नंबरचा ब्रश. बुबुळाचा ठिपका टेकवायच्या आधी श्वास रोखतात, ठिपका झाला की सोडतात. दिवसभरात त्यांच्या तोंडून चार वाक्यं निघाली तर पुष्कळ. त्या दुपारी भाचा वैतागून, धूळ तरी काढू म्हणून, मागचं झाकण उघडून बसला होता. काका चहाला उठले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

"मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले.

भाच्याने मान वर केली. इतक्या दिवसांत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं.

"पण ही काळी वायर बाजूला पडलीय. पांढरी नुसती टेकलीय. बसलेली नाही. डोळे एका पातळीत नाहीत तसं दिसतंय."

आम्ही वाकून बघितलं. मला काहीच दिसलं नाही, एक तर भुकटी आणि दुसरं म्हणजे मोतीबिंदू. त्या कार्डावर दोन सोनेरी टिकल्या असतात, जेमतेम २ मिलिमीटरच्या, तिळाहून मोठ्या नाहीत. त्यांच्यावर काळ्या आणि पांढऱ्या वायरीची टोपणं दाबून बसवायची. त्या वायरी बिजागरीतून वर जातात आणि पडद्याच्या कडेला असलेल्या अँटेनाला मिळतात. टोपण सुटलं की लॅपटॉपचे कानच बंद. मग राउटर तोंडाशी आणल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही. स्क्रीन बदलणाऱ्याने ती घाईत टेकवलेली, हायवेने हलवलेली आणि रोह्याच्या पोराने नवीन कार्ड घालताना तशीच टेकवून ठेवलेली.

काकांनी चहा खाली ठेवला. ब्रश उलटा धरला, दांड्याचं बोथट टोक खाली. श्वास रोखला. टक्. श्वास सोडला. परत रोखला. टक्. मग ब्रश सुलटा करून चहा घेऊन आपल्या पाटावर गेले.

भाच्याने लॅपटॉप चालू केला. वायफाय लागलं. तो उठून पडवीत आला, होतं. ओसरीत, होतं. तो सोनेरी मुकुटांच्या रांगांमधून गेला, अंगणात उतरला, रस्ता ओलांडून समोरच्या पानाच्या टपरीपाशी उभा राहिला आणि तिथून ओरडला, "मामा, दोन काड्या!" टपरीवाल्याने विडीच्या दोन काड्या पुढे केल्या.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली आणि सगळेच बरोबर निघाले. वायरमन म्हणाला, वायर सुटली म्हणजे कनेक्शन, कनेक्शन म्हणजे अर्थिंगच, मी वेगळं काय म्हणालो? डॉक्टर म्हणाले, मी सांधा निखळल्याचं तेव्हाच ओळखलं होतं, पण नातेवाइकांना घाबरवत नाही. मेहुण्याचा फोन आला, "लाइनमध्येच होतं ना?" ज्याच्यावर आम्ही हसलो होतो तो रिक्षावाला मात्र काही बोलला नाही. आला, खाटेवर बसला आणि चहाची वाट बघत राहिला. भाच्याने दोन कप दिले.

आता आमची पंचाईत वेगळीच आहे. रिक्षावाला स्टँडवरून पॅसेंजर आणतो तसे लॅपटॉप आणतो. वडखळचा एक, कासूचे दोन, एक तर थेट अलिबागहून. प्रत्येकाला काका आधी सांगतात, "मला यातलं काही कळत नाही," आणि या एका वाक्यावर लोकांचा असा काही विश्वास बसला आहे की विद्यार्थ्यानेही ते पाठ केलंय. इकडे फळीवर बिनडोळ्यांच्या मूर्ती ताटकळतायत आणि भाचा कपाळाला हात लावून बसलाय.

परवा रोह्याच्या तरबेज पोराचा फोन आला. आवाज जरा खाली होता.

"मामा, एक लॅपटॉप आलाय. कार्ड बदललं, ड्रायव्हर टाकला, सगळं झालं. लागत नाही."

"बंद करून चालू केलंस?"

"केलं हो. ते तुमचे काका दाखवतील का एकदा?"

"काकांची आखणी चाललीय. दुपारी चहाला उठतात तेवढाच वेळ."

"मग उद्या येऊ पेणला? बाइकवर टाकून आणतो."

"ये," मी म्हटलं. "पण बाइक राहू दे, रेल्वेने ये. आणि मांडीवर धरून बस."